दुसरं भूत दिवाळीनंतर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वहिनींचा फोन आला. "भाऊजी, सावेडीचं घर रिकामं करतेय. माळ्यावर यांची एक पेटी सापडली. भंगारवाला खाली उभा आहे. एकदा बघून जाता का?"

वहिनी म्हणजे माझ्या आतेभावाच्या पत्नी. आतेभावाला आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादा २०१९ मध्ये गेला. नागापूरच्या एमआयडीसीत त्यानं तीस वर्षं नोकरी केली. मितभाषी माणूस. पेटीत काय असणार? जुनी बिलं, गुणपत्रिका, एक स्लाइड रूल आणि तळाशी रबर बँड गुंडाळलेली एक साधी ऑडिओ कॅसेट. तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं होतं, 'पॅकमन'. वहिनी म्हणाल्या, "ही कसली गाणी?" मी म्हटलं, "वहिनी, ही गाणी नाहीत. हा दादानं केलेला व्हिडिओ गेम आहे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात दादा त्यांना याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

आज मी तुम्हाला या कॅसेटची गोष्ट सांगणार आहे. आणि तिच्या निमित्तानं अशा काही खेळांची, जे तयार झाले पण दुकानात कधी पोचलेच नाहीत.

आधी पॅकमन म्हणजे काय ते सांगतो. १९८० साली जपानच्या नामको या कंपनीनं हा खेळ काढला. तोरू इवातानी हा त्याचा कर्ता. कपाटाएवढं यंत्र, त्यात नाणं टाकायचं. पडद्यावर चक्रव्यूहासारख्या गल्ल्या, एक पिवळा गोळा त्या गल्ल्यांतले ठिपके खात सुटतो आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात. गंमत अशी, की चारही भुतांचे स्वभाव वेगळे. लाल भूत सरळ पाठलाग करतं, गुलाबी भूत तुमच्या पुढची जागा हेरून तिथे जाऊ पाहतं. त्यामुळे आपल्याला कोणीतरी विचार करून घेरतंय असं वाटतं. जगभर या खेळानं वेड लावलं.

मग साहजिकच लोकांना तो घरी हवा झाला. पण घरातला कॉम्प्युटर आणि दुकानातलं यंत्र यांत फार अंतर. यंत्रातले भाग त्या एका खेळासाठी घडवलेले असत. घरचा कॉम्प्युटर त्या मानानं गरीब, स्मृती तुटपुंजी. शिवाय मूळ प्रोग्राम बहुतेकदा हाती मिळत नसे. ज्याच्यावर काम सोपवलं तो यंत्र समोर ठेवायचा, खेळखेळून पाहायचा आणि जे दिसलं ते आपल्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून लिहायचा. नाटक पाहून आल्यावर संहिता हाती नसताना गावच्या हौशी मंडळानं तेच नाटक चार बाकांच्या रंगमंचावर उभं करावं, तसं हे काम.

अमेरिकेतल्या अटारी कंपनीत लँडन डायर नावाचा तरुण हेच काम करत असे. 'डाँकी काँग' हा गाजलेला खेळ त्यानं अटारीच्या घरगुती कॉम्प्युटरवर आणला. सगळा खेळ सोळा किलोबाइटमध्ये. आज फोनवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. तो खेळ १९८३ मध्ये बाजारात आला. त्या काळात अशा खेळांवर करणाऱ्याचं नाव सहसा छापत नसत. डायरनं आपली आद्याक्षरं गुपचूप आत दडवली. ती कशी उघड करायची हे पुढे तो स्वतःच विसरला! २००९ साली डॉन हॉजेस नावाच्या एका अभ्यासकानं प्रोग्राम उलगडून ती युक्ती शोधून काढली. सव्वीस वर्षांनी कर्त्याचं नाव पडद्यावर उमटलं.

याच डायरनं 'सुपर पॅकमन' या १९८२ च्या यंत्रावरच्या खेळाचंही घरगुती रूप केलं. पूर्ण केलं. पण ते दुकानात आलंच नाही. कारण मधल्या काळात अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजारच बसला. १९८३ या एका वर्षात अटारीला पन्नास कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. १९८४ च्या जुलैत तिचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल यांना विकला गेला. अशा धामधुमीत तयार खेळाचं काय झालं हे विचारायला कोणाला वेळ होता? पुढे संग्राहकांच्या हाती त्याच्या प्रती लागल्या, म्हणून आज तो पाहता तरी येतो. खेळ वाईट म्हणून नाकारला गेला असं नाही. घर उठलं आणि भांडी माळ्यावर राहिली, इतकंच.

आणखी एक किस्सा ऐका, कारण त्याचा धागा आपल्या घरापर्यंत येतो. १९८३ च्या जूनमध्ये शिकागोला मोठं प्रदर्शन भरलं. तिथे कोलेको या कंपनीनं आपला अ‍ॅडम नावाचा नवा घरगुती कॉम्प्युटर मांडला आणि त्यावर डाँकी काँग चालवून दाखवला. आता मेख अशी, की निन्टेंडोच्या या खेळाचे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रापुरते हक्क कोलेकोकडे होते आणि घरगुती कॉम्प्युटरचे हक्क अटारीकडे. अ‍ॅडम खेळयंत्र की कॉम्प्युटर? अटारीचे लोक खवळले. त्याच सुमारास निन्टेंडोचं फॅमिकॉम हे नवं यंत्र जपानबाहेर विकण्याबद्दल अटारीशी बोलणी चालू होती. ती थंडावली आणि मग मोडलीच. एका प्रात्यक्षिकामुळे सगळं फिसकटलं असं म्हणणं सोपं आहे, पण तेवढंच कारण नव्हतं. अटारी तेव्हा आतून पोखरत चालली होती. निन्टेंडोनं पुढे आपलं यंत्र स्वतःच अमेरिकेत नेलं आणि जगभर नाव काढलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघर जो 'टीव्ही गेम' आला, ज्याच्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचं छापलेलं असायचं आणि प्रत्यक्षात तेच पाच-सात खेळ फिरून फिरून यायचे, तो बहुतांशी याच फॅमिकॉमची नक्कल होता. शिकागोतल्या भांडणाचं शेपूट असं नगरच्या दिवाणखान्यापर्यंत पोचलं होतं.

आता आमच्या दादाकडे येऊ.

१९८५ साली दादाचे काका आखातातून सुट्टीवर आले. येताना पुतण्यासाठी एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आले. सिंक्लेअर स्पेक्ट्रम. वहीएवढं काळं खोकं, वर रबराची बटणं. त्याला पडदा नाही, साठवण नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. दादाच्या घरी यातलं काहीच नव्हतं. आमच्याकडे दोन्ही होतं. त्यामुळे दर रविवारी दादा ते खोकं पिशवीत घालून माळीवाड्यातल्या आमच्या घरी यायचा. आई म्हणायची, "आला यंत्रवाला."

१९८६ च्या मे महिन्यात तो एका कामासाठी पुण्याला गेला आणि तिथे त्यानं पहिल्यांदा पॅकमन पाहिला. खिशात परतीच्या एसटीचे पैसे सोडून तीन रुपये होते. त्यात तो तीनदा खेळला. उरलेला सगळा दिवस दुसऱ्यांच्या पाठीमागे उभं राहून नुसता बघत राहिला. घरी आला तेव्हा वहीच्या मागच्या पानावर त्या गल्ल्यांचा नकाशा होता. मग जूनपासून आमच्या घरी काम सुरू झालं. आलेख कागदावर आठ बाय आठ चौकटींत भूत काढायचं, भरलेल्या चौकटींचे आकडे मांडायचे, ते आकडे यंत्राला द्यायचे. मी तेव्हा सहावीत. आकडे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. एक आकडा चुकला की भुताला तिसरा डोळा फुटायचा.

पाहा, अटारीतला पगारी माणूस आणि माळीवाड्यातला सतरा वर्षांचा पोरगा, दोघांची रीत एकच. पाहायचं, लक्षात ठेवायचं आणि आपल्याजवळ जेवढं आहे तेवढ्यात पुन्हा उभं करायचं.

जवळ होतं ते फारच थोडं. दादाला येत होती ती बेसिक भाषा. ती शिकायला सोपी, पण चालायला बैलगाडी. एक भूत हलवलं तर खेळ चालायचा. दुसरं घातलं की पिवळा गोळा रांगायला लागायचा. म्हणून दादाच्या पॅकमनमध्ये एकच भूत होतं. त्यानं पकडलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द उमटायचे, 'मेलास. पुन्हा?'

प्रोग्राम टेप करायची रीत मोठी मजेदार होती. आधी माइकवर आपलं नाव-गाव बोलायचं, म्हणजे नंतर कॅसेट शोधता येते. मग यंत्र सुरू करायचं. मग कर्कश शिट्टी आणि पाठोपाठ पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज. दादा प्रत्येक प्रोग्राम दोनदा टेप करायचा. कॅसेटच्या एका बाजूला एकदा, दुसऱ्या बाजूला एकदा. "एक बिघडली तर दुसरी असावी," म्हणायचा.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. राहुरीकडच्या त्यांच्या शेतातली विहीर तळाला गेली. बोअर घ्यायला पैसे हवे होते. दिवाळीच्या आधी दादानं तो कॉम्प्युटर विकला. कोणी विक म्हणालं नव्हतं. त्यानंच एका रविवारी येऊन सांगितलं आणि कॅसेट तेवढी घेऊन गेला. तो खेळ आम्ही घरातली चार-पाच माणसं सोडली तर कोणीही पाहिला नाही. मीसुद्धा हळूहळू विसरलो.

आता गेल्या वर्षीची कॅसेट. टेपरेकॉर्डर मिळवण्यापासून तयारी. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, आधी काही वाजवू नका. फितीवर बुरशी आहे." त्यानं टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं, फीत हलक्या हातानं एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवली आणि मगच आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. जुन्या स्पेक्ट्रमचं सोंग घेणारा प्रोग्राम आता फुकट मिळतो. त्याला हा आवाज ऐकवला. पडद्याच्या कडेला लाल-निळे पट्टे सरकले. पुढे पिवळे-निळे. आणि मग इंग्रजीत निरोप, टेप वाचण्यात चूक.

पहिल्या बाजूची प्रत आम्ही पुन्हा कानांनी ऐकली. खडखडाट नीट चालू आहे आणि शेवटाकडे एकदम सिनेमाचं गाणं! माझी थोरली बहीण तेव्हा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून गाणी टेप करायची. हाताला लागली ती कॅसेट तिनं घातली होती. म्हणजे आईनं पुसलेलं आता मुलगा शोधत होता. बहिणीला सांगितलं तर ती कळवळलीच. "मला काय माहीत रे, नुसता खरखराट होता तो."

दुसऱ्या बाजूची प्रत उलटी. तिचा शेवट शाबूत, पण सुरुवातीला बुरशीनं फीत खाल्लेली.

श्रोतेहो, आपला जिल्हा नेवाशाचा. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला. पुढे प्रतींवरून प्रती होत गेल्या, पाठ बदलले, चुका शिरल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी पैठणला वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. कुठे ज्ञानेश्वरी आणि कुठे पोराचा खेळ, तुलना करण्याचं धाडस मी करत नाही. पण रीत तीच लागली. एका प्रतीत जे गेलं ते दुसरीत शोधायचं.

भाच्यानं आवाजाची लहर पडद्यावर पसरली. स्पेक्ट्रमच्या टेपवर शून्य म्हणजे आखूड ठोका आणि एक म्हणजे त्याच्या दुप्पट लांबीचा ठोका. आठवडाभर रात्री बसून त्यानं पहिल्या प्रतीचा पूर्वार्ध आणि दुसऱ्या प्रतीचा उत्तरार्ध जोडला. बरोबर जुळलं की नाही हे कसं कळणार? लहानपणी आपण भागाकाराचा ताळा करायचो ना, तसा ताळा यंत्रानं टेपच्या शेवटी लिहून ठेवलेला असतो. आधीच्या सगळ्या आकड्यांतून काढलेला एक आकडा. एका रात्री साडेबाराला भाच्याचा फोन आला. "मामा, ताळा जुळला."

चालू करण्याआधी आम्ही प्रोग्रामच्या ओळी वाचून काढल्या. बेसिकमध्ये यंत्रानं वाचायच्या नाहीत, माणसानंच वाचायच्या, अशाही ओळी लिहिता येतात. दादानं एक तशी ओळ लिहिली होती, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'दुसरं भूत दिवाळीनंतर.'

ती दिवाळी आली तेव्हा यंत्र घरात नव्हतं.

मला कोणी विचारतं, हा खटाटोप कशासाठी? खेळ नामकोचा. दादाची ती नक्कल. विकली नाही, विकण्याजोगीही नव्हती. खरं आहे. पण मला वाटतं, आपण जपतो ते फक्त बाजारात आलेलं, छापलेलं, बक्षीस मिळालेलं. जे मधेच राहिलं त्याला आपण भंगार म्हणतो. डायरचा सुपर पॅकमन कोणी फेकून दिला नाही म्हणून तरी आज कळतं, की एवढ्याशा यंत्रात ते काम कसं बसवलं होतं. आणि नुसतं ठेवून भागत नाही. ते वाचताही आलं पाहिजे. लीळाचरित्र लिहिणारे म्हाइंभट आपल्याच जिल्ह्यातल्या सराळ्याचे. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं मठांत सुरक्षित होते. पण बाहेरच्या माणसाला त्या लिप्या उलगडल्या विसाव्या शतकाच्या आरंभी. तोवर ते ग्रंथ असून नसल्यासारखे होते. आपल्या घरातल्या फ्लॉपी, जुन्या कॅसेट, बंद पडलेले फोन यांची आज तीच गत आहे. शिवाय पोथी पाचशे वर्षं टिकते, फितीचा भरवसा तीस-चाळीस वर्षांपलीकडे देता येत नाही.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या माळ्यावरही अशी पेटी असेल. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या असतील, गावच्या कीर्तनाची कॅसेट असेल, परगावच्या मुलानं टेप करून पाठवलेलं बोलकं पत्र असेल. ती लगेच वाजवू नका. आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर जाणत्याला दाखवा. मग आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. दादाचा नियम लक्षात ठेवा, एक बिघडली तर दुसरी असावी.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. तो खेळ घेऊन भाचा आणि मी वहिनींकडे गेलो. आता त्या भाड्याच्या घरात राहतात. लॅपटॉप टेबलावर ठेवला. आधी टेपचा आवाज लावला. जरा खरखर झाली आणि सतरा वर्षांचा, अजून पुरता न फुटलेला एक आवाज आला. "पॅकमन. माळीवाडा. प्रत दुसरी." लगेच शिट्टी सुरू झाली.

वहिनींनी दादाला पाहिलं ते पंचविसाव्या वर्षी, पाहण्याच्या कार्यक्रमात. हा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. भाच्यानं विचारलं, "मामी, खेळ सुरू करू?"

त्या म्हणाल्या, "करशील रे. आधी ते पुन्हा लाव."